व्हेरिकोसील: ऑपरेशन ठरवण्याआधी

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली धावपळ सुनेची होते. तिच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, मग देवदेव, उपासतापास, माहेरच्यांचे टोमणे आणि सासरच्यांचं मौन. वर्षभरानं कुणी डॉक्टर म्हणतात, "यांचीही एकदा तपासणी करून घेऊ." हा क्रम उलटा आहे आणि तो बदलायला हवा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीनं. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्यतपासणी. त्यात सुई नाही, भूल नाही, फार खर्च नाही. ती दोघांच्या तपासण्यांमध्ये पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी.

दुरुस्त करता येण्याजोगी जी कारणं पुरुषांत सापडतात, त्यांत सर्वांत जास्त आढळणारं कारण व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या शिरा फुगणं. त्यावर ऑपरेशन आहे, ते योग्य माणसाला उपयोगी पडतं आणि चुकीच्या माणसाला काहीही देत नाही. कोण योग्य आणि कोण चुकीचा, हे नवऱ्याच्या एकट्या सोनोग्राफीवरून ठरत नाही. ते नवरा-बायको दोघांच्या रिपोर्टवरून ठरतं. या लेखाचा सगळा भर त्यावर आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर सुदुंबरे आहे. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजींच्या या गावाच्या एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला चाकण. इंदोरी, सुदवडी, जांबवडे, खालुंब्रे या सगळ्या पट्ट्यातला तरुण आज चाकणच्या कारखान्यात पाळ्या करतो, कुणी घरचं भात लावतो, कुणी पॉलिहाऊसमध्ये गुलाब सांभाळतो, कुणी भरतीसाठी पहाटे पळतो. या चारही वाटांवर व्हेरिकोसील वेगवेगळ्या रूपात भेटतं.

नेमकं होतं काय

अंडकोषातून रक्त वर, पोटाकडे परत नेणाऱ्या शिरांचं एक जाळं असतं. रक्त खाली उतरू नये म्हणून या शिरांत झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाणी पाइपात टिकत नाही, तसंच इथे होतं. झडप नीट काम करत नाही, रक्त मागे येतं, साचतं आणि शिरा फुगतात. हे बहुतेक वेळा डाव्या बाजूला होतं, कारण डावी शीर काटकोनात जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते आणि तिच्यावर रक्ताच्या स्तंभाचा भार जास्त येतो. उजवी शीर थेट पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी मिळते, तिला हा त्रास कमी.

शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाचं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी लागतं. निसर्गानं त्यांना शरीराबाहेर ठेवलं ते यासाठीच. साचलेलं गरम रक्त ही थंडावा देणारी व्यवस्था बिघडवतं. त्यातून शुक्राणूंची संख्या घटू शकते, हालचाल मंदावते आणि त्यांच्या आतल्या जनुकीय धाग्यालाही इजा पोहोचू शकते. बिघाड एकाच बाजूला दिसला, तरी परिणाम दोन्ही बाजूंच्या वृषणांवर होऊ शकतो.

इथे एक आकडा मनात पक्का ठेवा. सर्वसाधारण पुरुषांमध्ये १०० पैकी सुमारे १५ जणांना व्हेरिकोसील असतं आणि त्यांतले बहुतेक काही उपचार न घेता बाप होतात. पहिलंच मूल न होणाऱ्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे संबंध आहे, पण शिरा फुगल्या म्हणून मूल होणारच नाही, असा अर्थ काढायचं कारण नाही. घरातल्या कुणी रिपोर्टवर हा शब्द वाचून मुलाला "तुझ्यात दोष आहे" म्हणून घायाळ करू नये.

बहुतेकांना दुखत नाही. काहींना दिवसभर उभं राहून काम केल्यावर संध्याकाळी डाव्या बाजूला ओढल्यासारखं, जड वाटतं आणि आडवं झालं की बरं वाटतं. डॉक्टर उभं करून हातानं तपासतात, खोकायला किंवा जोर करायला लावतात. जोर केल्यावरच हाताला लागलं तर पहिली श्रेणी, सहज हाताला लागलं तर दुसरी, नुसतं पाहूनच दिसलं तर तिसरी. हाताला अजिबात लागत नाही आणि फक्त डॉप्लर सोनोग्राफीत दिसतं, त्याला सूक्ष्म किंवा सबक्लिनिकल म्हणतात. ही शेवटची जात लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. अचानक तीव्र दुखायला लागलं, उलटी आली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. त्यात पहिले सहा तास मोलाचे असतात, रात्र असली तरी तळेगाव किंवा पिंपरी गाठायची. वृषणातच दगडासारखी कडक गाठ लागली तर लाज न धरता त्याच आठवड्यात दाखवायचं. आणि शिरा फक्त उजव्या बाजूला फुगल्या असतील, किंवा प्रौढ वयात अचानक फुगल्या आणि आडवं झाल्यावरही बसत नसतील, तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. कधीकधी मूत्रपिंडातल्या गाठीमुळे असं होतं.

वीर्यतपासणी नीट व्हायला हवी

चुकीच्या तपासणीवर ऑपरेशन ठरलं, असं होऊ नये. नमुन्याच्या आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपतन नको. शक्यतो नमुना लॅबमध्येच द्यावा. ते अगदीच जमत नसेल तर लॅबनं दिलेल्या डबीत घरी घेऊन तासाभराच्या आत पोहोचवावा, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावा, बर्फात किंवा गाडीच्या डिकीत नको. साध्या निरोधात घेतलेला नमुना चालत नाही, त्यातला चिकट पदार्थ शुक्राणू मारतो. थोडं सांडलं असेल, विशेषतः सुरुवातीचा भाग, तर ते लॅबला सांगायचं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. म्हणजे आजचा रिपोर्ट अडीच महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा कुठलाही मोठा ताप येऊन गेला असेल तर काउंट तात्पुरता खाली येतो. पावसाळ्यात आपल्या भागात ताप किती फिरतो हे सांगायला नको. म्हणून रिपोर्ट बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा करायचा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एका रिपोर्टवर ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली दिलेले खालचे टप्पे असे आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. योग्य आकाराचे फक्त चारच टक्के आले म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटतात. ते प्रमाणात बसतं. हे आकडे पास-नापासाचे गुणही नाहीत. याहून कमी आकडे असलेले पुरुष बाप होतात, जास्त असलेल्यांनाही कधी अडचण येते.

रिपोर्टवरच्या तीन आकड्यांचा गुणाकार स्वतः करून पाहा, कारण पुढचे बरेच निर्णय त्याच्याभोवती फिरतात. समजा वीर्य २ मिलिलिटर, संख्या मिलिलिटरला ८० लाख आणि पुढे सरकणारे २५ टक्के. एकूण १ कोटी ६० लाख, त्यातले पुढे सरकणारे ४० लाख. सहा महिन्यांनी हाच हिशेब १ कोटीच्या वर गेला, तर तज्ज्ञ अगदी वेगळा मार्ग सुचवू शकतात. एकेकट्या टक्क्यापेक्षा हा गुणाकार जास्त बोलतो.

शुक्राणू शून्य आले तर गोष्ट वेगळी. तिथे आधी मार्ग बंद आहे की उत्पादनच नाही, हे पाहावं लागतं. एफएसएच, टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची आणि काही वेळा गुणसूत्रांची तपासणी लागते. अशांपैकी काहींना व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर वीर्यात थोडे शुक्राणू दिसतात, पण सगळ्यांना नाही. ही निवड अनुभवी अँड्रोलॉजिस्टबरोबर बसूनच करायची.

ऑपरेशन कुणाला, कुणाला नको

युरॉलॉजिस्टांच्या जागतिक संघटनांचं मत बऱ्यापैकी एक आहे. चार गोष्टी एकत्र जुळल्या तर ऑपरेशनचा विचार करावा: व्हेरिकोसील हाताला लागतं, वीर्याच्या रिपोर्टमध्ये दोष आहे, जोडपं वर्षभर प्रयत्न करतंय आणि मूल राहिलेलं नाही, आणि बायकोच्या तपासण्या ठीक आहेत किंवा तिची अडचण उपचारानं सुटण्याजोगी आहे.

फक्त डॉप्लरवर दिसणाऱ्या सूक्ष्म व्हेरिकोसीलसाठी ऑपरेशन करू नये. या एका वाक्यानं बरेच पैसे आणि बरीच भीती वाचेल. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी शीर लिहिलेली असली, तरी हातानं तपासल्याशिवाय निर्णय पूर्ण होत नाही. तुम्हाला उभं करून कुणी तपासलंच नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. वीर्याचा रिपोर्ट उत्तम आहे आणि फक्त शिरा दिसल्यात, तिथेही मुलासाठी ऑपरेशन नको. दुखण्यासाठी ऑपरेशन करण्याचा विचार वेगळा असतो. तो आधी आधार देणारी चड्डी, विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्या वापरून पाहिल्यावर होतो.

आता बायकोचं वय. मला वाटतं, या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच. ऑपरेशनचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने आणि नैसर्गिक गर्भधारणेला त्याहून जास्त काळ लागतो. बायको सव्वीस वर्षांची असेल तर हा काळ तुमच्या हातात आहे. ती छत्तीस-सदतीस वर्षांची असेल, तिच्या बीजांचा साठा कमी झालेला असेल, तर तेवढं थांबणं परवडेलच असं नाही. अशा वेळी तज्ज्ञ सरळ टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग सुचवतात. म्हणूनच तिचा एएमएच, म्हणजे बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय नवऱ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवू नये. तिचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर वर्षभर वाट पाहणंही जास्त आहे, सहा महिन्यांत दोघांनी तपासून घ्यावं.

भारतात शास्त्रीय पद्धतीनं नोंद झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मली. पुढे १९९२ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुसेल्सहून एकच शुक्राणू बीजात टोचून झालेल्या पहिल्या जन्मांची बातमी आली. त्या तंत्राला इक्सी म्हणतात. इक्सीमुळे फारच कमी शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही आज मूल होऊ शकतं. म्हणूनच काही ठिकाणी व्हेरिकोसीलकडे पाहायचंच टाळतात आणि थेट इक्सीला पाठवतात. तरुण जोडप्याच्या बाबतीत हे मला पटत नाही. इक्सीत इंजेक्शनं, भूल आणि खर्च हा सगळा भार बायकोच्या शरीरावर आणि घराच्या पैशावर येतो. तो काही वेळा नवऱ्याच्या एका छोट्या ऑपरेशननं टळू शकतो, किंवा इक्सीऐवजी सोप्या आययूआयवर, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यावर, काम भागू शकतं.

कोणत्या पद्धतीनं

ऑपरेशनचं तत्त्व एकच आहे: फुगलेल्या शिरा बांधून टाकायच्या, रक्त इतर निरोगी शिरांतून वर जातं. कुठून आणि कसं बांधायचं यात फरक आहे आणि तो फरक मोठा आहे.

जुनी पद्धत पोटाच्या खालच्या भागात छेद घेऊन शिरा वर बांधण्याची. त्यानंतर दुर्बिणीची पद्धत आली, तीन छोट्या छिद्रांतून पोटाच्या आत जाऊन शिरा बांधायच्या. आज तज्ज्ञांचा कल सूक्ष्मशस्त्रक्रियेकडे आहे. त्यात जांघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात आणि ऑपरेशनच्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली एकेक शीर ओळखून बांधतात. वृषणाला रक्त देणारी धमनी आणि द्रव वाहून नेणाऱ्या लसवाहिन्या मात्र जपतात. ही नजर नसेल तर दोन त्रास होतात. लसवाहिन्या बांधल्या गेल्या तर अंडकोषात पाणी भरतं, म्हणजे हायड्रोसील. आणि एखादी बारीक शीर राहून गेली तर काही महिन्यांनी व्हेरिकोसील परत येतं. सूक्ष्मशस्त्रक्रियेत या दोन्हींचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहतं. जुन्या उघड्या पद्धतीत ते बरंच जास्त, काही नोंदींत दहा टक्क्यांच्या पुढे. धमनीला इजा होऊन वृषण सुकणं फार क्वचित होतं, पण होऊ शकतं, आणि डॉक्टरांनी ते तुम्हाला आधी सांगायला हवं.

एक चौथा मार्ग बिनटाक्यांचा आहे. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी सरकवून फुगलेली शीर आतून तारेच्या गुंडाळीनं बंद करतात. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात आणि ते मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होतं.

आपल्याकडे "दुर्बिणीचं ऑपरेशन" हा शब्द सरसकट वापरला जातो. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: पोटात घालायची दुर्बीण की मायक्रोस्कोप? तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? धमनी शोधायला डॉप्लर वापरता का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर दुसरीकडे जायला हरकत नाही.

सुरुवात कुठून करायची? तळेगाव दाभाड्याला मायमर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपरीला महापालिकेचं वायसीएम आहे, पुण्यात ससून आहे. तिथे युरॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते हे आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर एका दिवसाची पाळी बुडते आणि काम होत नाही. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर तुमचं कार्ड घेऊन आधी तिथल्या दवाखान्यात जा, पुढे ते पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा की तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का. खासगी विमा असेल तर एक गोष्ट आधी पाहून ठेवा: बऱ्याच पॉलिसींमध्ये वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात. ऑपरेशन कोणत्या निदानाखाली मंजूर होईल, हे दाखल होण्याआधी लेखी मिळवा.

फरक किती पडतो

खरं सांगायचं तर हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि देत असेल तर त्या दारातून परत फिरावं. ऑपरेशननंतर सुमारे ६० ते ७० टक्के पुरुषांचा वीर्याचा रिपोर्ट सुधारतो. रिपोर्ट सुधारणं आणि मूल होणं यात अंतर आहे. सौदी अरेबियातल्या एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट असलेल्या पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाचं सूक्ष्मशस्त्रक्रियेनं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नाही. वर्षभरात ऑपरेशन झालेल्या गटात ३२.९ टक्के जोडप्यांना नैसर्गिक गर्भधारणा झाली, दुसऱ्या गटात १३.९ टक्के. म्हणजे संधी दुपटीहून जास्त वाढली, आणि तरीही तिघांपैकी दोघांना त्या वर्षात मूल राहिलं नाही. सगळे अभ्यास इतके ठळक निकाल देत नाहीत. जिथे सूक्ष्म व्हेरिकोसील आणि चांगले रिपोर्ट असलेले पुरुषही घेतले गेले, तिथे फायदा पुसट झाला. माणूस नीट निवडला तरच ऑपरेशन कामाचं, हे त्यातूनच दिसतं.

शुक्राणू वाढवणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या महागड्या गोळ्यांबद्दलही थोडं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मॉक्सी नावाच्या चाचणीत व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम वगैरे एकत्र देऊनही ना रिपोर्ट सुधारला ना गर्भधारणा वाढली. महिनोन्महिने या गोळ्या खाऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नका, विशेषतः बायकोचं वय पुढे सरकत असेल तर. आणि भिंतीवर नंबर लिहिलेल्या गुप्तरोग तज्ज्ञांकडे तर जाऊच नका.

भरतीच्या मुलांसाठी

सुदुंबऱ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. त्या दलातले जवान केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून येतात. गावच्या रस्त्यानं त्यांच्या गाड्या जाताना पाहून मोठी झालेली मुलं सैन्य, सीआरपीएफ, बीएसएफच्या भरतीला उतरतात. धावणं पास, उंची-छाती पास, आणि वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोसीलवर गाडी अडते. असं होतं तेव्हा मुलगा आणि बाप दोघेही हादरतात, आणि पुनर्तपासणीच्या आधी घाईघाईनं मिळेल त्या ठिकाणी ऑपरेशन उरकतात.

माझा सल्ला असा. भरतीची तयारी सुरू करतानाच एकदा डॉक्टरांकडून उभं राहून तपासून घ्या. त्या वर्षीच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष नीट वाचा, कारण दलागणिक ते वेगळे असतात. ऑपरेशन करायचंच झालं तर मैदानी चाचणीच्या बऱ्याच आधी करा आणि सूक्ष्मशस्त्रक्रियाच निवडा. घाईत दुसऱ्या पद्धतीनं केलं आणि हायड्रोसील झालं, तर ते अपात्रतेचं नवं कारण होतं. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा तपशील आणि नंतरची सोनोग्राफी जपून ठेवा. पोरगा अजून अठरा-वीस वर्षांचा आहे, भरतीचा प्रश्न नाही आणि सहज सापडलं आहे, तर डॉक्टर दोन्ही वृषणांचा आकार मोजतात. डावं उजव्यापेक्षा वीस टक्क्यांनी किंवा जास्त लहान राहत असेल तरच ऑपरेशनचा विचार होतो. नाहीतर वर्षातून एकदा पाहणी पुरते.

काम, फवारणी, जिम

ऑपरेशन कितीही चांगलं झालं, तरी वृषणं दिवसातले आठ तास तापत राहिली तर त्याचं मोल कमी होतं. फोर्जिंग, फाउंड्री, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंगच्या ओव्हनसमोर उभं राहणाऱ्यांनी मध्येमध्ये बाजूला थंड जागी जावं, सैल सुती चड्डी घालावी, मशिनपासून अंतर ठेवता येतं का ते सुपरवायझरशी बोलावं. मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांनाही हेच लागू.

मावळचे गुलाब व्हॅलेंटाइन डेला परदेशी जातात, त्यामागे पॉलिहाऊसमधली उष्णता आणि कीटकनाशकांची फवारणी आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांनी आपापसांत बोलताना ओळखलं की आपल्यातल्या कुणालाच मुलं होत नाहीत. तपासणीत डीबीसीपी नावाचं रसायन त्याला जबाबदार निघालं. कामगारांच्या आपसातल्या त्या गप्पांमुळे जगाला ते कळलं. आपल्याकडेही फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे, मास्क आणि पूर्ण कपडे घालावेत, फवारल्यावर आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. मूल हवं आहे त्या काळात फवारणीचं काम दुसऱ्याला देता आलं तर उत्तम.

जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं हा आज सर्वांत वाईट प्रकार. बाहेरून हा हार्मोन दिला की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि काउंट शून्यापर्यंत जाऊ शकतो. ताकद वाढेल म्हणून घेतलेलं इंजेक्शन बाप होण्याची वाट बंद करतं. घेत असाल तर डॉक्टरांना लपवू नका. बंद केल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण महिने लागतात. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांचाही शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो. ऑपरेशनला पैसे घालायचे आणि मळायची पुडी खिशात ठेवायची, हे चालणार नाही.

ऑपरेशन झाल्यावर

साधारणपणे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, आधार देणारी चड्डी, जखम कोरडी. ऑफिसचं बैठं काम आठवड्यात सुरू करता येतं. मोटरसायकल दोन आठवडे तरी नको, विशेषतः तळेगाव-चाकण रस्त्यावरचे खड्डे पाहता. पोती उचलणं, कारखान्यातलं जड काम, कुस्ती, व्यायामशाळा तीन-चार आठवड्यांनी. भातलावणीच्या हंगामाच्या तोंडावर ऑपरेशन ठेवू नका, घरचे कितीही म्हणाले तरी चिखलात वाकणं टळत नाही. शरीरसंबंध साधारण दोन आठवड्यांनी, दुखत नसेल तर. ताप, जखमेतून पू, अंडकोष झपाट्यानं मोठा होणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

पहिली वीर्यतपासणी तीन महिन्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी. त्याआधी करून उपयोग नाही, शुक्राणूंची नवी पिढी अजून तयार होत असते. या सहा महिन्यांत बायकोला दर महिन्याला "काही कळलं का" म्हणून विचारणं घरातल्यांनी बंद करावं. १९२७ साली र. धों. कर्वे यांनी "समाजस्वास्थ्य" मासिक काढून मराठीत या विषयांवर उघड बोलायला सुरुवात केली, त्यांना खटले सोसावे लागले. आज शंभर वर्षांनी आपण निदान नवरा-बायकोच्या खोलीत हे रिपोर्ट एकमेकांना वाचून दाखवू शकतो.

सहा महिन्यांनी आकडे वाढले आणि बायकोचं वय कमी असेल, तर अजून सहा महिने नैसर्गिक प्रयत्न करावेत. आकडे थोडे वाढले पण पुरेसे नाहीत, तर आययूआयचा विचार करावा. काहीच फरक नसेल, किंवा वर्ष संपूनही गर्भ राहिला नाही, तर इक्सीबद्दल सल्ला घ्या. तेव्हा केंद्र निवडताना कृत्रिम गर्भधारणेच्या केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार त्याची नोंदणी झाली आहे का हे प्रमाणपत्र पाहून खात्री करा. त्या पहिल्या भेटीला ऑपरेशनपूर्वीचे दोन्ही वीर्याचे रिपोर्ट, ऑपरेशनचा तपशील, नंतरचे दोन रिपोर्ट आणि बायकोचे सगळे कागद एकाच फाइलमध्ये, तारखेच्या क्रमानं लावून न्या, म्हणजे तिथे सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागणार नाहीत.